हर्णेच्या वाटा आणि तिसऱ्या रांगेचे मोल

दापोली तालुक्याच्या पश्चिम किनाऱ्यावरील हर्णे हे बंदर ज्या काळी नावारूपाला आले, त्या काळी त्याचा राजमार्ग समुद्र हाच होता. पाण्यात उभा असलेला सुवर्णदुर्ग आणि त्याच्यावर नजर ठेवून किनाऱ्यावर वसलेले कनकदुर्ग, फत्तेगड व गोवा हे तीन दुर्ग, कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचा येथला वावर, आणि १७५५ साली पेशव्यांशी झालेल्या करारान्वये कमोडोर विल्यम जेम्स याने तुळाजी आंग्रे यांच्याकडून सुवर्णदुर्ग काढून घेतला ती मोहीम, या साऱ्या घडामोडींचे तोंड दर्याकडे होते. जमीन ही या गावाची पाठ होती. त्याच गावात आज सुटीच्या दिवसांत मुंबई-पुण्याहून तीन रांगांच्या आलिशान मोटारींचा ओघ लागतो, त्यांत आजोबांपासून नातवंडांपर्यंत एक अख्खे कुटुंब सामावलेले असते, आणि यांपैकी कोणती मोटार दिलेल्या पैशाला खरोखर जागते, हा प्रश्न घरोघरी मोठ्या चिकाटीने चर्चिला जातो. माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर विक्रेत्याच्या दालनात मिळण्यापेक्षा, हर्णेसारख्या गावी कुटुंबे पिढ्यानपिढ्या कशी येत-जात राहिली, त्या इतिहासात अधिक निश्चितपणे मिळते.

आगबोटींच्या पूर्वी खुष्कीचा प्रवास म्हणजे शरीराची परीक्षा होती. सधन गृहस्थाच्या घरी मेणा असे, आजाऱ्यासाठी डोली करावी लागे, बिऱ्हाड हलवावयाचे तर बैलगाडी जुंपली जाई, आणि बाकी सर्वांना आपले पाय हेच वाहन होते. हर्णेला लागूनच असलेल्या मुरूड गावचे धोंडो केशव कर्वे हे विद्यार्थिदशेत परीक्षेला बसण्यासाठी सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि वयाने फारच लहान दिसतात या कारणावरून त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही, ही हकीकत महाराष्ट्राला परिचित आहे. परंतु त्या हकीकतीत त्या काळच्या कोकणातील दळणवळणाचा संपूर्ण जमाखर्च सामावलेला आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. बुद्धिमान मुलाला एका परीक्षेसाठी घाट तुडवीत जावे लागत होते, तेथे वृद्ध मातापित्यांसह सहकुटुंब देशावर जाणे ही आयुष्यात क्वचित घडणारी गोष्ट असणार, हे सांगावयास नको.

ही कोंडी फोडली ती आगबोटीने. शेफर्ड कंपनीच्या आणि पुढे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी मुंबईहून निघून हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी बंदरे घेत दक्षिणेकडे जात, आणि लक्ष्मण हरिश्चंद्र ऊर्फ भाऊ अजिंक्य यांनी बांधलेला मुंबईचा भाऊचा धक्का हे नाव कोकणच्या खेड्यापाड्यांत घरातल्या माणसाच्या नावासारखे उच्चारले जाऊ लागले. हर्णेला बोट किनाऱ्याला लागत नसे; ती खोल पाण्यात उभी राही, आणि उतारूंना पडावात उतरून, लाटेचा अंदाज घेऊन, कडेवरचे मूल खलाशाच्या हाती देऊन किनारा गाठावा लागे. ट्रंका, वळकट्या, नारळांची पोती आणि माणसे यांची त्या पडावात एकच दाटी होई. पावसाळ्याचे महिने ही वाहतूक बंद राही, म्हणून चाकरमान्याच्या येण्याजाण्याचे आणि घरच्या बेगमीचे वेळापत्रक सरकारी पंचांगापेक्षा दर्याच्या मर्जीवर ठरे. त्या मर्जीचा कोप किती भयंकर असू शकतो, हे १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट सहाशेंहून अधिक उतारूंसह बुडाली तेव्हा साऱ्या किनाऱ्याने अनुभवले.

आगबोटीच्या या युगातील एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. बोटीवर वरचा वर्ग आणि डेकचा वर्ग असा भेद होता खरा. परंतु डेकवर सतरंजी पसरली की तिच्यावर आजी मध्यभागी, मुले तिच्या भोवती आणि बाकीची मंडळी कडेने, अशी कुटुंबाची मांडणी कुटुंब स्वतः करी. कोणाचे गुडघे कोठे अडकावेत हे कारखानदाराने ठरविलेले नव्हते. पुढे १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धावली, कालांतराने तिचे जाळे कोकणच्या घाटवाटांतून पसरले, आणि मुंबई-गोवा रस्त्याने कशेडीचा घाट उतरून खेड, तेथून दापोली व हर्णे ही वहिवाट रूढ झाली, तेव्हा आगबोटीचे महत्त्व ओसरत गेले. एस. टी.ने कोकणावर केलेल्या उपकारांची फेड होणे शक्य नाही. बारमाही, स्वस्त आणि गावाच्या चावडीपर्यंत येणारे असे वाहन या भूमीला प्रथमच लाभले. मात्र तिच्यात कुटुंब आसनांच्या क्रमांकांवर विखुरले. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ साली खुला झाल्यानंतरही खेड स्थानकापासून हर्णेपर्यंतचे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांचे अंतर रस्त्यानेच तोडावे लागते, आणि म्हणून सबंध कुटुंबाला एका छपराखाली, घराच्या उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत नेणाऱ्या वाहनाची गरज शिल्लकच राहिली.

ती गरज भागविणाऱ्या वाहनाचा जन्म ऐषआरामातून झालेला नाही, हे विसरता कामा नये. १९४५ साली स्थापन झालेल्या आणि पुढे महिंद्र अँड महिंद्र या नावाने प्रसिद्धीस आलेल्या कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलिस जीप जुळविण्यास आरंभ केला. ती जीप युद्धभूमीवरून आलेली होती, आणि आपल्याकडे ती प्रथम मामलेदार, पोलीस व पाटबंधारे खात्याच्या दिमतीस लागली. तिच्या मागील भागात समोरासमोर बाक टाकून खेड्यांतील वडाप, म्हणजे उतारूंची खासगी भाडोत्री वाहतूक, सुरू झाले. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीची ट्रॅक्स आली. १९९४ साली टेल्को कंपनीने सुमो आणली, जिला कंपनीचे धुरंधर माजी अध्यक्ष सुमंत मुळगावकर यांच्या नावाची आद्याक्षरे दिलेली होती, आणि कोकणातील मध्यमवर्गीय कुटुंबाला गणपतीच्या दिवसांत दहा माणसांनिशी गावी जाण्याचे पहिले विश्वसनीय साधन मिळाले.

त्या सुमोचे स्वरूप जरा जवळून पाहण्याजोगे आहे. पुढे दोन-तीन माणसे, मध्ये तीन, आणि पाठीमागे दोन्ही बाजूंना आडवे बाक, ज्यांवर बसणाऱ्यांची तोंडे एकमेकांकडे असत. कशेडीच्या वळणांवर त्या आडव्या बाकांवर बसलेल्या मुलांना मळमळून येई, आणि आईने बरोबर घेतलेले लिंबू व आवळासुपारी तेथेच खर्ची पडे. परंतु त्या वाहनाला लोखंडी कॅरिअर असे. परतीच्या वाटेवर गवतात रचलेल्या हापूसच्या लाकडी पेट्या, फणस, कोकमाच्या बरण्या आणि घट्ट बांधलेली सुक्या मासळीची बोचकी त्या कॅरिअरवर चढत, काथ्याच्या दोरीने आवळली जात, आणि गावाचे वर्षाचे वाण अशा रीतीने मुंबईच्या चाळीत पोहोचत असे. सुमोची किंमत मोजताना कोणी चामड्याची आसने मोजली नाहीत. किती माणसे आणि किती पेट्या, हाच हिशेब होता, आणि तो प्रामाणिक हिशेब होता.

२००० साली टोयोटाची क्वालिस आणि २००५ साली इनोव्हा आली, तेव्हा या हिशेबात एक नवे कलम जमा झाले. इनोव्हाची तिसरी रांग समोर तोंड करून बसणारी होती आणि छतातून निघणारा गार वारा मागच्या माणसापर्यंत पोहोचत होता. म्हणजे शेवटच्या रांगेतील उतारूही माणूसच आहे, हे तत्त्व वाहनाच्या रचनेत उतरले. दरम्यान २००२ साली नाशिकच्या कारखान्यातून महिंद्रची स्कॉर्पिओ बाहेर पडली आणि २००९ साली टोयोटाची फॉर्च्युनर आली, तेव्हा याच तीन रांगांना रुबाबाची जोड मिळाली. त्यापुढची पायरी आज आपल्यासमोर आहे: चाकणला जुळविली जाणारी मर्सिडीज-बेंझची जीएलएस, औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात जुळविली गेलेली ऑडीची क्यू७, बीएमडब्ल्यूची एक्स७ आणि व्होल्वोची एक्ससी९०. जगातील श्रीमंत घराण्यांसाठी आखलेल्या या मोटारींपैकी काहींचे अखेरचे हात महाराष्ट्राच्याच कामगारांनी फिरविलेले आहेत, ही अभिमानास्पद गोष्ट आहे.

आता तुलनाच करावयाची तर ती शेवटच्या रांगेपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जीएलएसची लांबी ५२०७ मिलिमीटर, म्हणजे सव्वापाच मीटरच्या जवळपास; २०२२च्या अखेरीस आलेल्या इनोव्हा हायक्रॉसची ४७५५ मिलिमीटर; फॉर्च्युनरची ४७९५. तिन्ही रांगा उघडलेल्या असताना पाठीमागे सामानासाठी उरणारी जागा जीएलएसमध्ये ३५५ लिटर, हायक्रॉसमध्ये सुमारे ३०० आणि फॉर्च्युनरमध्ये २९६ लिटर. जीएलएसची किंमत हायक्रॉसच्या तिपटी-चौपटीने अधिक, परंतु सातही जणांना घेऊन निघालेल्या कुटुंबाला दोन्हींतून आणता येणाऱ्या आंब्याच्या पेट्यांत पडणारा फरक एखाद्या पेटीचा. छतावर काच पसरलेल्या मोटारीवर दोरीने पेट्या आवळण्याचा विचारही कोणी करणार नाही. बसण्याची गोष्ट वेगळी आहे, आणि येथे न्यायबुद्धीने बोलले पाहिजे. फॉर्च्युनर ही भक्कम सांगाड्यावर उभारलेली, कच्च्या वाटेला न डगमगणारी. परंतु तिच्या शेवटच्या रांगेत जमीन उंच आणि बैठक खाली, त्यामुळे वयस्क माणसाचे गुडघे छातीकडे येतात, आणि ती आसने मिटविली तरी बाजूच्या खिडक्यांशी टांगून राहतात. हायक्रॉसमध्ये जमीन सखल असल्याने आजींना चढणे-उतरणे सोपे, आणि पेट्रोल व विद्युत् यांच्या संकरित एंजिनामुळे कंपनीच्या प्रमाणित आकड्याप्रमाणे लिटरमागे २३ किलोमीटरांहून अधिक अंतर कापले जाते. जीएलएस आणि एक्स७ यांची तिसरी रांग मात्र प्रौढ माणसाला घाटातून सुखाने नेण्याइतकी ऐसपैस आहे, हवेवर तोललेल्या त्यांच्या चाकांना खड्ड्यांची दखल क्वचितच घ्यावी लागते, आणि ज्याला हे सुख परवडते त्याने ते आपल्या वृद्ध मातापित्यांना द्यावे, यात गैर काहीच नाही.

मात्र गावात शिरल्यावर हिशेब पुन्हा बदलतो. हर्णे-मुरूडच्या आगरांतून, जांभ्याच्या गडग्यांमधून जाणाऱ्या गल्ल्या बैलगाडीच्या मापाने आखलेल्या आहेत, आणि आरसे सोडूनच जवळपास दोन मीटर रुंद असलेली मोटार तेथे वळविताना धन्याचे सारे ऐश्वर्य पणाला लागते. खाऱ्या वाऱ्याने पत्रा गंजतो, हे किनाऱ्यावरील प्रत्येक घरमालक जाणतो. महागड्या मोटारीच्या दुरुस्तीची तजवीज महानगरांतच व्हावयाची, तर टोयोटा किंवा महिंद्रच्या गाडीवर हात चालविणारा कारागीर तालुक्याच्या गावीही भेटतो. पाच-सात वर्षांनी विकावयास काढल्यावर आलिशान मोटारीचे मोल झपाट्याने घसरलेले असते आणि इनोव्हाला गिऱ्हाईक दारात उभे असते, हाही बाजाराचा सर्वमान्य अनुभव आहे. आणि जेथे हर्णेच्या पुळणीवर मासळीचा लिलाव भरतो, तेथे नौकांपासून मासळी काठावर आणण्यासाठी आजही लाटांत बैलगाड्या घातल्या जातात. पाणी जुवापर्यंत आले तरी न बिचकणारे ते बैल आणि ओल्या वाळूत न रुतणारी ती लाकडी चाके पाहिली, म्हणजे कोणत्याही वाहनाची योग्यता त्याच्या कामाच्या जागीच ठरते, हा जुना धडा पुन्हा पटतो.

विशेष हे की, ज्या पाण्याकडे मोटारीने पाठ फिरविली होती, त्याच पाण्यावर ती परत आली आहे. २००३ साली दाभोळ-धोपावे ही फेरीबोट सुरू झाली, त्यानंतर बाणकोटच्या खाडीवर वेसवी-बागमांडले सुरू झाली, आणि आज हर्णेहून गुहागरकडे किंवा श्रीवर्धनकडे निघालेले कुटुंब आपल्या मोटारीसह बोटीवर चढते, दाराबाहेर येऊन कठड्याला टेकते, आणि घटकाभर सर्व रांगा एक होतात. पणजोबांनी डेकवर सतरंजी पसरून जो एकोपा अनुभवला, तो पणतवंडांना अशा रीतीने खाडीच्या मध्यावर लाभतो.

सरकारने मोटारींवरील कराची आकारणी करताना लांबी, एंजिनाचे आकारमान आणि जमिनीपासूनची उंची यांचा विचार केला. ४००० मिलिमीटरहून लांब, १५०० घनसेंटिमीटरहून मोठे एंजिन आणि १७० मिलिमीटर वा अधिक उंची, असे निकष ठरवून २०१७ पासून अशा मोटारींवर उपकरासह ५० टक्के कर बसविला, आणि सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के केला. राज्यकारभाराला असे मोजमाप लागतेच. परंतु शेवटच्या रांगेत कोण बसणार आणि ते माणूस सात-आठ तासांनी हर्णेला कोणत्या अवस्थेत उतरणार, हे मोजण्याचे माप कोणत्याही खात्याकडे नाही. ते कुटुंबाकडेच आहे. घरातील अधिकार पुढच्या आसनावर आणि जिव्हाळा शेवटच्या रांगेत बसतो, असेच बहुधा घडत आलेले आहे: तेथे विधवा आत्या असते, दूरचा भाचा असतो, घरकामाला मदत करणारी बाई असते, आणि कधी कधी स्वखुशीने मागे गेलेली आजी असते. म्हणून मोटार विकत घेण्यास निघालेल्या गृहस्थाने विक्रेत्याच्या दालनात स्वतः सुकाणूमागे बसण्यापूर्वी घरातील सर्वांत वयस्क माणसाला तिसऱ्या रांगेत बसवावे, दार लावून अर्धा तास तेथेच राहू द्यावे, आणि मग त्याचे मत विचारावे. किंमत लाखांत असो वा कोटीत, त्या माणसाने समाधानाने मान डोलावली तर सौदा किफायतीचा समजावा. आणि ते संकोचाने गप्प राहिले, तर इतर सर्व गुण असूनही ती मोटार त्या कुटुंबाला महाग पडली, असेच मानले पाहिजे.