न दिसणारे खंड

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतील एक जुना संगणक बंद पडला. त्याच्या हार्ड डिस्कवर अनेक वर्षांची निकालपत्रके व स्नेहसंमेलनांची छायाचित्रे होती. आम्ही ती डिस्क काढून कार्यालयातील विंडोजवर चालणाऱ्या संगणकास जोडली, तो पडद्यावर प्रश्न उमटला : ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करावयाची काय? शेजारी बसलेला तरुण सहकारी म्हणाला, "सर, डिस्क रिकामीच दिसते आहे. 'होय' म्हणू का?" मी त्याचा हात धरला. त्या एका 'होय'मध्ये काय दडलेले होते, हे कळण्यासाठी थोडे मागे जावयास हवे.

संगणकावरील साठवणीच्या एका स्वतंत्र घटकास 'व्हॉल्यूम' म्हणतात. ग्रंथाच्या खंडासही इंग्रजीत हाच शब्द आहे. तो लॅटिन 'व्होलूमेन' या शब्दापासून आला असून त्याचा मूळ अर्थ गुंडाळी असा आहे; कारण प्राचीन रोमन लोकांचे ग्रंथ लांब पट्टीवर लिहून गुंडाळून ठेवलेले असत. नवल असे की, १९५० नंतरच्या दशकात संगणकांची माहितीही चुंबकीय फितीच्या गुंडाळ्यांवरच साठविली जाऊ लागली. ही रिळे फडताळात रांगेने ठेवीत. कामासाठी अमुक रीळ हवे असले की ऑपरेटर ते आणून यंत्रावर चढवी. या चढविण्यालाच 'माउंट' करणे असे नाव पडले. फडताळातील रीळ यंत्राला वाचता येत नसे; परंतु त्यावरील अक्षर न् अक्षर शाबूत असे. माउंट न केलेला व्हॉल्यूम म्हणजे मुळात हेच फडताळातील रीळ होय.

पुढे फितीच्या जोडीला तबकडी आली. आयबीएमच्या १९५६ सालच्या पहिल्या डिस्क यंत्रात ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. १९६२ साली याच कंपनीने तबकड्यांचा काढघाल करता येणारा संच आणला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झालेल्या युनिक्स प्रणालीच्या १९७१ सालच्या माहितीपुस्तकात तर 'माउंट' ही आज्ञाच आढळते. तबकडी यंत्रात नुसती बसवून भागत नसे. ही आज्ञा दिल्यावरच तिच्यावरील फाइली प्रणालीच्या वृक्षाला फांदीप्रमाणे जोडल्या जात. यंत्रात असणे आणि प्रणालीस दिसणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे येथे स्पष्ट होते.

१९८३ साली आयबीएमचा एक्सटी हा लहान संगणक १० मेगाबाइटची हार्ड डिस्क घेऊन आला. एकाच वाड्यात अनेक बिऱ्हाडे नांदावीत, तशा एकाच डिस्कवर निरनिराळ्या प्रणाली नांदाव्यात, म्हणून डिस्कच्या अगदी आरंभी चार नोंदींचा एक तक्ता ठेवलेला असे. प्रत्येक नोंद अवघ्या १६ बाइटची. विभाग कोठे सुरू होतो, केवढा आहे आणि कोणत्या प्रकारचा आहे, एवढेच तीत लिहिलेले असे. पुढे या प्रकारदर्शक अंकाचा उपयोग विभाग लपविण्यासाठी होऊ लागला. ०६ या अंकाचा १६ केला की डॉस प्रणालीस तो प्रकार अनोळखी वाटे आणि ती त्या विभागास सी, डी असे अक्षर देत नसे. बिऱ्हाड जागच्या जागी. बदलली ती केवळ दारावरची पाटी!

आजच्या संगणकांवरील नव्या पद्धतीच्या तक्त्यात बहुधा १२८ नोंदींची सोय असते. संगणक सुरू करणारा विभाग आणि बिघाड झाल्यास प्रणाली पूर्ववत करणारा विभाग यांना विंडोज मुद्दाम अक्षर देत नाही. हेतू हा की, कोणाचा हात चुकून त्यांवर पडू नये. मात्र कमी दिसणारी सर्वच जागा लपलेली नसते. ५०० गिगाबाइटची डिस्क विंडोज सुमारे ४६५ दाखविते, तो केवळ मोजमापातील फरक आहे : कारखानदार हजाराच्या पटीने मोजतो, विंडोज १०२४ च्या.

आता आमच्या डिस्ककडे वळू. जुना संगणक लिनक्स प्रणालीवर चालत असे आणि तिच्या मांडणीची लिपी विंडोजला अवगत नव्हती. इंदूर-बडोद्याकडील एखाद्या जुन्या दप्तरातील मोडी कागद केवळ बाळबोध जाणणाऱ्याच्या हाती द्यावा आणि त्याने "यात काही अर्थ नाही, पाटी पुसून पुन्हा लिहू" असे म्हणावे, तसाच तो पडद्यावरील प्रश्न होता. 'होय' म्हटले असते, तर जुन्या अनुक्रमणिकेच्या जागी नवी कोरी अनुक्रमणिका आली असती. आणि पूर्ण फॉरमॅट निवडला असता, तर आतील मजकूरही पुसला गेला असता. आम्ही 'नाही' म्हटले, लिनक्सचा दुसरा संगणक मिळविला, डिस्क त्यावर माउंट केली आणि सारी निकालपत्रके जशीच्या तशी समोर आली.

म्हणून, श्रोतेहो, डिस्क रिकामी भासली तर आधी विंडोजमधील 'डिस्क मॅनेजमेंट' उघडून पाहावे. अक्षर नसलेले विभागही तेथे आपापल्या आकारासह दिसतात. ते कशाचे आहेत हे जाणकारास विचारावे, आणि तोवर काहीही पुसू नये. फडताळातील रीळ चढवावयाचे राहिले, म्हणून ते कोरे ठरत नाही.