मिठागरातलं ऊन आणि हिमनदीवरचं क्रीम

हा भाग ऐकताना तुमच्यापैकी बरेच जण वाशी, नेरूळ नाहीतर पनवेलच्या प्लॅटफॉर्मवर उभे असाल. कानात इयरफोन आणि बॅगेत सनस्क्रीनची ट्यूब. आज त्या ट्यूबचा इतिहास सांगायचाय. पण सुरुवात मात्र मिठापासून करू.

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई आखली गेली. त्याआधी या पट्ट्यात काय होतं? भातशेती, खाडी आणि मिठागरं. इथल्या आगरी समाजाचं नावच ‘आगर’ या शब्दावरून आलं, असं मानलं जातं. पाऊस सरला की खाडीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हात आटवायचं आणि मीठ ओढायचं. म्हणजे बघा, ऊन हेच त्यांचं भांडवल. ते टाळून चालणारच नव्हतं.

आणि मिठागरात ऊन दोन बाजूंनी लागतं. वरून सूर्य, खालून पांढऱ्याशुभ्र मिठावरून परत फिरणारा उजेड. मग उपाय काय? डोक्याला घट्ट फडकं, बायकांचा पदर, त्यावर चुंबळ आणि टोपली. जड काम होईल तेवढं सकाळीच उरकायचं. हे सगळं फार रम्य होतं असं अजिबात नाही हं. खारट पाण्याने पाय फुटायचे, आणि मजुराला दर वेळी आपली वेळ निवडता येत नव्हती. पण वेळ, कापड आणि सावली हा क्रम अंगवळणी पडलेला होता.

आता इथून थेट आल्प्स पर्वतात जाऊ. तिथेही जमीन पांढरीच, फक्त बर्फाची. फ्रान्झ ग्रायटर नावाचा ऑस्ट्रियातला एक तरुण रसायनशास्त्राचा विद्यार्थी १९३८ मध्ये पिझ बुइन शिखर चढताना उन्हाने चांगलाच भाजला, असं सांगतात. त्यातून १९४६ मध्ये त्याने ‘ग्लेचर क्रीम’ बाजारात आणलं. ग्लेचर म्हणजे हिमनदी. पुढे ट्यूबवरचा ‘एसपीएफ’ हा आकडा रूढ करण्याचं श्रेयही त्यालाच दिलं जातं.

हा आकडा नेमकं काय मोजतो? उघडी त्वचा जेवढ्या अतिनील किरणांनी लाल होते, त्याच्या किती पट किरण क्रीम लावल्यावर लागतात, तेवढंच. म्हणजे मोजमाप आहे लालीचं. गोऱ्या कातडीला बर्फावर जो त्रास झाला, त्याचं.

आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत मेलॅनिन जास्त, त्यामुळे ती सहसा लवकर भाजत नाही. आपली तक्रार वेगळी असते. गालावर वांग येतो, डाग काळे पडतात, हात आणि मान रापते. यात यूव्हीए किरणांचा मोठा हात आहे, आणि ते खिडकीच्या काचेतूनही आत येतात. म्हणून नुसता एसपीएफचा आकडा बघू नका. ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ लिहिलंय का, ‘पीए’पुढे अधिकची चिन्हं किती आहेत, तेही बघा.

आपल्याकडे मात्र या गोष्टीत आणखी एक गोंधळ झाला, गोरेपणाचा. १९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ आली. नावातला ‘फेअर’ निघायला २०२० साल उजाडलं. मधल्या पंचेचाळीस वर्षांत ‘उन्हापासून जप’ याचा घरोघरी अर्थ झाला ‘काळी होऊ नकोस’. आणि तो सल्ला मिळायचा मुलीला. उन्हात राबणाऱ्या बापाला, डिलिव्हरीला फिरणाऱ्या भावाला टोपी घाल म्हणून कोण सांगायचं? त्वचा जपणं म्हणजे रंग बदलणं नाही. जो रंग आहे, ती कातडी धड राहावी, एवढंच.

आता याच शहरातला एक दिवस आठवू. १६ एप्रिल २०२३, खारघर. महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा. लाखो लोक मोकळ्या मैदानात भर उन्हात बसलेले, डोक्यावर मांडव नाही. पारा ३८ अंशांच्या आसपास. त्या उन्हाने १४ जणांचा जीव घेतला. उष्माघात आणि रापणं या वेगळ्या गोष्टी, मान्य. उष्माघात क्रीमने टळत नाही. पण सूर्य तोच, आणि चुकलेलं गणितही तेच: वेळ आणि सावली. त्यानंतर राज्य सरकारने उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम न घेण्याचं ठरवलं. जड काम सकाळी उरकणाऱ्या मिठागराला हे वेगळं सांगावं लागलं नसतं.

मग आपण काय करायचं? जुनाच क्रम.

पहिली वेळ. घड्याळ नको, स्वतःची सावली बघा. सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड झाली, की ऊन कडक. मेच्या मध्यावर तर आपल्याकडे दुपारी साडेबाराच्या सुमारास ती पायाखालीच जाते.

दुसरं कापड. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, रुंद काठाची टोपी, ओढणी किंवा स्कार्फ.

तिसरी सावली. रस्त्याची सावलीची बाजू धरून चाला.

आणि क्रीम शेवटी: चेहरा आणि मानेला दोन बोटांवर मावेल एवढं, बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. सकाळी ब्रश केल्यावर लगेच लावलं की विसरायला होत नाही.

एक मात्र आहे. बांधकामावरच्या मजुराला, नाक्यावरच्या भाजीवालीला वेळ निवडता येत नाही, मिठागरातल्या बाईलाही येत नव्हती. त्यांच्यासाठी सावली उभारावी लागते: एखादं झाड, एखादी ताडपत्री. तुमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनकाका दुपारी कुठे उभे असतात, आज जरा बघाल?

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर सावली सांभाळा, आणि जमलं तर दुसऱ्यालाही द्या!