सुरांना दृश्यरूप देणारे संगणकीय प्रक्षेपण

संगीताच्या कार्यक्रमात वादकांच्या मागील पडद्यावर, सुरांच्या चढउतारानुसार बदलणाऱ्या रंगाकृती दाखविण्याच्या तंत्राला संगीत दृश्यीकरण असे म्हणतात. ही दृश्ये आधी चित्रित केलेली नसतात. वादन सुरू असतानाच संगणक ती निर्माण करतो आणि प्रक्षेपकाद्वारे ती पडद्यावर उमटतात.

सुरांना रंगांची जोड देण्याची कल्पना संगणकाहून जुनी आहे. रशियन संगीतकार अलेक्झांडर स्क्रियाबिन यांनी १९१० साली पूर्ण केलेल्या 'प्रोमीथियस' या रचनेत रंगीत प्रकाशासाठी स्वतंत्र स्वरलेखन केले. १९११ मध्ये मॉस्को येथे तिचा पहिला प्रयोग प्रकाशाविनाच झाला. १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी सभागृहात तो रंगांसह सादर झाला. संगणकावर हे तंत्र घरोघरी पोहोचविण्यात रायन गाइस यांच्या 'मिल्कड्रॉप' या २००१ सालच्या संगणक-प्रणालीचा मोठा वाटा आहे.

यासाठी ध्वनीची नोंद सामान्यतः सेकंदाला ४४,१०० वेळा घेतली जाते. त्यातील १,०२४ नोंदींचा एक गट, म्हणजे सुमारे २३ सहस्रांश सेकंदांचा ध्वनी, एका वेळी तपासला जातो. फ्रेंच गणितज्ञ फूरिये यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गणिती पद्धतीने त्यातील खर्ज, मध्यम आणि तीव्र कंपने वेगळी केली जातात. जेम्स कूली आणि जॉन ट्यूकी यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या जलद रीतीमुळे हे काम क्षणार्धात होते. त्यानंतर ढोलाच्या ठोक्याने वर्तुळ मोठे व्हावे, झांजेच्या नादाने ठिणग्या उमटाव्यात, असे संबंध कलाकार आधीच ठरवून देतो.

संगणक कंपने मोजतो. त्यांचा अर्थ मात्र त्याला कळत नाही. सभागृहातील ध्वनिग्राहकावर विसंबल्यास संथ आलापीत पडदा मंद राहतो आणि टाळ्यांच्या कडकडाटात उजळून निघतो. म्हणून ध्वनिमिश्रकातून वाद्यांचा संकेत थेट घेतला जातो आणि दृश्यांची संवेदनशीलता नियंत्रक सतत कमी-अधिक करतो.

प्रेक्षकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न याहून गंभीर आहे. प्रकाशाच्या वेगवान उघडझापीमुळे काही व्यक्तींना अपस्माराचा झटका येऊ शकतो. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन' या दूरचित्रवाणी मालिकेतील अशा दृश्यांनंतर शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. संगणकीय पडद्यावरील मजकुरासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार एका सेकंदात तीनपेक्षा अधिक वेळा लखलखाट होऊ नये. मिनिटाला १८० ठोक्यांची लय हीच मर्यादा गाठते आणि द्रुत वादन ती सहज ओलांडते. त्यामुळे प्रत्येक ठोक्याला संपूर्ण पडदा चमकविण्याऐवजी आकृतीची गती किंवा रंगछटा सावकाश बदलणे श्रेयस्कर ठरते. तीव्र प्रकाशयोजना असल्यास तशी पूर्वसूचना प्रवेशद्वाराशी लावणेही आवश्यक आहे.