१३ जुलै : एका तारखेची ऐतिहासिक चिकित्सा

वृत्तपत्रांतील ‘दिनविशेष’ हे सदर मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. शाळांच्या फळ्यांवरही रोजची तारीख घालून त्या तारखेस पूर्वी काय घडले ते लिहिण्याचा प्रघात आहे. निरनिराळ्या देशांतील व शतकांतील घटना केवळ महिना आणि तारीख समान असल्यामुळे ह्या यादीत एकमेकींच्या शेजारी येऊन बसतात. त्यामुळे वाचकाच्या मनात असा ग्रह निर्माण होतो की, ह्या सर्व घटना वर्षाच्या एकाच दिवशी घडल्या. हा ग्रह कितपत साधार आहे, ह्याची तपासणी कोल्हापूरच्या परिसरातील एका प्रसिद्ध घटनेच्या आधारे करता येते. ती घटना म्हणजे पन्हाळगडाच्या वेढ्यातून शिवाजी महाराजांचे निसटणे आणि गजापूरच्या घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे यांचे धारातीर्थी पतन.

प्रचलित ग्रंथांत ह्या घटनेची तारीख १३ जुलै १६६० अशी दिलेली आढळते. काही लेखक १२ जुलै हीही तारीख देतात. दिनविशेषाच्या यादीत १३ जुलैपुढे आणखी पुष्कळ घटना येतात. १७९३ साली ह्याच तारखेस पॅरिसमध्ये शार्लोत कोर्दे हिने क्रांतिकारक नेता मारा ह्याचा वध केला. १८७८ साली ह्याच तारखेस बर्लिनच्या तहावर सह्या झाल्या व बाल्कन प्रदेशाचा नकाशा बदलला. १९३० साली ह्याच तारखेस उरुग्वेमधील माँटेव्हिडिओ येथे पहिल्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचे सामने सुरू झाले. फुटबॉलचे वेड असलेल्या कोल्हापुरात ही नोंद विशेष कौतुकाने वाचली जावी हे स्वाभाविक आहे. ह्या चार नोंदी एका ओळीत मांडल्या म्हणजे त्या समान दिसतात. प्रत्यक्षात पहिली नोंद उरलेल्या तिन्हींहून वेगळ्या कालगणनेतील आहे.

१

प्रथम घटनाक्रम ध्यानात घेतला पाहिजे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाचा वध झाला व त्याच महिन्याच्या अखेरीस पन्हाळा महाराजांच्या हाती आला. पुढे विजापूर दरबाराने सिद्दी जौहर यास पाठविले. मार्च १६६० च्या सुमारास त्याने गडास वेढा घातला. राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन हा तोफा व दारूगोळा घेऊन सिद्दीच्या मदतीस आला होता. तिकडे शायिस्ताखान पुण्यात येऊन बसला होता. अशा पेचात, भर पावसाळ्यात, महाराज रात्रीच्या वेळी गड उतरले आणि मसाई पठाराच्या वाटेने खेळणा म्हणजे विशाळगडाकडे गेले. घोडखिंडीत बाजीप्रभूंनी पाठलागावरील फौज रोखून धरली. पुढे ही खिंड पावनखिंड ह्या नावाने प्रसिद्धीस आली.

मराठी साधनांत ह्या घटनेस इंग्रजी तारीख असणे शक्यच नव्हते. जेधे शकावली हे साधन लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रकाशात आणल्यापासून शिवकालाच्या कालनिर्णयास मोठे साहाय्य झाले. ह्या घटनेची मिती आषाढ वद्य १, शके १५८२, शार्वरी संवत्सर अशी येते. त्या मितीवरून जंत्रीच्या साहाय्याने जी तारीख निघते ती १३ जुलै १६६०, शुक्रवार. तात्पर्य, १३ जुलै ही मूळ नोंद नव्हे. ते एका मितीचे केलेले रूपांतर आहे. आणि रूपांतर म्हटले की ते कोणत्या पद्धतीत केले, हा प्रश्न उपस्थित होतो.

२

युरोपात ज्यूलिअस सीझरच्या वेळेपासून चालत आलेल्या पंचांगात वर्ष सव्वातीनशेपासष्ट दिवसांचे धरले होते. खरे सौरवर्ष त्याहून सुमारे अकरा मिनिटांनी लहान आहे. हा फरक शतकानुशतके साचत गेला. म्हणून १५८२ साली पोप तेरावा ग्रेगरी ह्याने सुधारणा केली. ४ ऑक्टोबरचा दुसरा दिवस १५ ऑक्टोबर मानण्यात आला. पोर्तुगाल व स्पेन ह्यांनी ती तत्काळ स्वीकारली. प्रॉटेस्टंट इंग्लंडने मात्र पोपची सुधारणा मान्य करण्यास एकशेसत्तर वर्षे घेतली. तेथे १७५२ साली २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला.

ह्याचा परिणाम कोकण किनाऱ्यावर असा झाला की, गोव्याचे पोर्तुगीज आणि वेंगुर्ल्याचे डच नवी तारीख लिहीत, तर राजापूरचे इंग्रज जुनी. एकाच दिवशी लिहिलेल्या पत्रांवर दहा दिवसांच्या अंतराच्या तारखा पडत. शिवाय इंग्रजांचे वर्ष त्या काळी २५ मार्चला बदलत असे. त्यामुळे एखाद्या इंग्रज पत्रावर फेब्रुवारी १६६० असे असेल, तर ते आजच्या हिशेबाने फेब्रुवारी १६६१ मधील ठरते. हे न जाणणारा अभ्यासक पन्हाळ्याच्या वेढ्यानंतरचे पत्र वेढ्यापूर्वीचे समजण्याचा संभव आहे. अशा चुकीने कार्य आणि कारण ह्यांची अदलाबदल होते.

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी सामान्यतः अशी रीत पाळली आहे की, १७५२ पूर्वीच्या घटनांना जुन्या पद्धतीची तारीख द्यावयाची व त्यानंतरच्यांना नवीन. म्हणून शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुनी आहे आणि पहिल्या बाजीरावाच्या निधनाची २८ एप्रिल १७४० हीही जुनी. पानिपतची १४ जानेवारी १७६१ ही मात्र नवी आहे. एकाच ग्रंथाच्या पानांवर दोन पंचांगे नांदत असतात आणि वाचकास त्याची वार्ता नसते. १३ जुलै १६६० ही तारीख जुन्या पद्धतीची असल्यामुळे नव्या पद्धतीने तो दिवस २३ जुलै १६६० असा येतो.

३

हे विधान केवळ परंपरेवर विसंबून स्वीकारण्याचे कारण नाही. त्याची परीक्षा चंद्रावरून करता येते. चांद्रमासाची सरासरी लांबी सुमारे २९.५३ दिवस आहे. कोणत्याही ज्ञात अमावास्येपासून मागे मोजत गेल्यास नव्या पद्धतीच्या २२ जुलै १६६० रोजी, म्हणजे जुन्या १२ जुलैस, पौर्णिमा येते. दुसरा दिवस वद्य प्रतिपदा. मितीशी हे तंतोतंत जुळते. वारही शुक्रवारच येतो. ह्याउलट १३ जुलै ही नव्या पद्धतीची तारीख मानली, तर वार मंगळवार येतो आणि तिथी शुद्ध षष्ठीच्या सुमाराची पडते.

हा फरक कागदी नाही. षष्ठीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास मावळतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत आकाशात असतो. डोंगरातून, शत्रूच्या चौक्या चुकवून, रात्रभर वाटचाल करावयाची असता उजेड किती होता, ह्या प्रश्नाला युद्धेतिहासात महत्त्व आहे. तो उजेड निसटणाऱ्याला वाट दाखवितो, तसा पहारेकऱ्यालाही निसटणारा दाखवितो. पौर्णिमेची रात्र असूनही बेत तडीस गेला, ह्यावरून आषाढातील ढग आणि पाऊस ह्यांचा भाग केवढा असेल ह्याचा अंदाज करता येतो. ही माहिती १३ जुलै ह्या तारखेत नाही; ती आषाढी पौर्णिमा ह्या तिथीत आहे.

ह्यावरून तिथी हीच श्रेष्ठ असे मात्र अनुमान काढू नये. तिथी चंद्राचे वृत्त सांगते. सूर्याचे, म्हणजे ऋतूचे, वृत्त ती स्थूलमानानेच सांगू शकते. आषाढी पौर्णिमा २०२२ साली १३ जुलै रोजी आली, २०२३ साली ती ३ जुलैस आली, आणि त्यानंतर श्रावण अधिक आल्यामुळे २०२४ साली २१ जुलैस. तीन वर्षांत अठरा दिवसांचे अंतर पडले. पाऊस किती मुरला होता, ओढे कितपत भरले होते, ह्याचा विचार करणाऱ्यास सौर तारीख हवी, आणि तीही खरी, म्हणजे २२-२३ जुलै. दर पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड अशी पदयात्रा करणाऱ्या मंडळींपैकी जे १२-१३ जुलै धरून निघतात, ते मूळ प्रसंगाच्या ऋतुमानाहून दहा दिवस आधी चालतात. जे तिथी धरून निघतात, त्यांना चंद्र तोच मिळतो. ऋतू दर वर्षी थोडा मागेपुढे होतो. २०२४ साली मात्र तिथी आणि खरी सौर तारीख जवळजवळ एकत्र आल्या होत्या.

४

१२ जुलै की १३ जुलै, हा दुसरा प्रश्न. त्याचे मूळ दिवस केव्हा सुरू होतो ह्या प्रश्नात आहे. पंचांगाप्रमाणे वार व दिवस सूर्योदयाला बदलतो. हिजरी गणनेत तो सूर्यास्ताला बदलतो. इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते. पन्हाळ्याच्या पायथ्याशी त्या रात्री तिन्ही गणना मानणारी माणसे होती. सायंकाळ होताच आदिलशाही छावणीतील मुनशीच्या लेखी जिल्काद १०७० मधील नवा दिवस, शुक्रवार, सुरू झाला. गडावरच्या जोश्याच्या लेखी तेव्हा गुरुवार चालू होता व तो पहाटेपर्यंत चालू राहिला. मध्यरात्री इंग्रजाच्या लेखी १२ जुलै सरून १३ जुलै लागली. एकच रात्र, पण दिवस तीन वेळा बदलला. त्यामुळे गड सोडण्याची वेळ धरणारा १२ जुलै लिहितो, खिंडीतील झुंज धरणारा १३ जुलै लिहितो, आणि दोघांच्या लिहिण्यात विरोध नसतो.

राज्याभिषेकाच्या बाबतीत हाच प्रकार आहे. शकावलीत वार शुक्रवार व तिथी ज्येष्ठ शुद्ध द्वादशी दिली आहे. उत्सव त्रयोदशीस होतो आणि ६ जून १६७४ ह्या तारखेस तर शनिवार येतो. तीन घटका रात्र उरली असता महाराज सिंहासनावर बसले, ही नोंद लक्षात घेतली म्हणजे गुंता सुटतो. सूर्योदय झाला नसल्यामुळे पंचांगाचा शुक्रवार संपला नव्हता. त्या दिवशीची उदयतिथी द्वादशी होती, पण ती दिवसाच संपून त्रयोदशी लागलेली होती. आणि मध्यरात्र उलटून गेल्यामुळे इंग्रजी शनिवार सुरू झाला होता. सर्व नोंदी आपापल्या जागी बरोबर आहेत.

५

असा गुंता केवळ हिंदुस्थानातच झाला असे समजण्याचे कारण नाही. वर उल्लेखिलेला बर्लिनचा तह ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. त्या वाटाघाटीत भाग घेणाऱ्या रशियात १८७८ साली जुनेच पंचांग चालू होते व एव्हाना अंतर बारा दिवसांचे झाले होते. त्यामुळे पश्चिम युरोपाचा १३ जुलै हा रशियनांचा १ जुलै होता. एकाच तहावर, एकाच मेजाशी बसलेल्या मुत्सद्द्यांच्या तारखा अशा भिन्न होत्या. माराच्या वधानंतर थोड्याच महिन्यांत फ्रान्सने स्वतःचे प्रजासत्ताक पंचांग सुरू केले. त्यात ती तारीख मेसिदोर महिन्याची २५ वी ठरते. राज्यकर्त्यांनी काळावरही आपली मुद्रा उमटविण्याचा यत्न सर्वत्र केला आहे. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेक शक सुरू केला, त्यामागील भूमिका ह्या संदर्भात अधिक स्पष्ट होते.

योगायोगाला अर्थ चिकटविण्याचा मोह किती फसवा असतो, ह्याचे आणखी एक उदाहरण कोल्हापुरापुरते देता येईल. शिवजन्माची शासनाने मान्य केलेली १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या पद्धतीची आहे. नव्या पद्धतीने तो दिवस १ मार्च १६३० येतो. कोल्हापूर संस्थानाचे मुंबई प्रांतात विलीनीकरण १ मार्च १९४९ रोजी झाले. ज्या घराण्याची गादी त्या दिवशी विसर्जित झाली, त्याच्या मूळ पुरुषाचा जन्मदिवस तोच होता, असे म्हणावयास जंत्रीचा आधार आहे. तरीही त्यात कोणाची योजना नव्हती, विलीनीकरण ठरविणाऱ्यांच्या ध्यानीही ते असण्याचे कारण नव्हते, आणि इतिहासाच्या दृष्टीने त्या जुळणीस काहीही मोल नाही. कार्यकारणसंबंध तारखांच्या समानतेतून निर्माण होत नाही.

६

तारखांचे रूपांतर करण्याची साधने आज विपुल आहेत. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील बाळाजी प्रभाकर मोडक यांनी एकोणिसाव्या शतकातच जंत्री सिद्ध केली होती. पुढे स्वामिकन्नू पिल्ले यांच्या १९२२ मधील ग्रंथमालेने इ. स. ७०० ते १७९९ पर्यंतच्या तिथींचा हिशेब उपलब्ध करून दिला. आता संगणकामुळे तेच गणित क्षणार्धात होते. परंतु गणित सुलभ झाल्याने विवेक सुलभ झालेला नाही. उलट, कोणती पद्धत वापरली ते न सांगता छापलेली तारीख पूर्वीपेक्षा अधिक वेगाने पसरते. एका यंत्रणेने जुनी तारीख नवी समजून वार काढला, तर तो चुकीचा वार शेकडो ठिकाणी उमटतो, आणि मग मूळ साधनातील खरा वारच खोटा वाटू लागतो.

म्हणून तारीख लिहिताना तीन गोष्टींचे अवधान अवश्य आहे. मूळ साधनातील मिती, वार व संवत्सर ह्यांची नोंद प्रथम द्यावी. रूपांतरित तारीख जुनी की नवी, हे स्पष्ट करावे. घटना रात्रीची असल्यास कोणत्या गणनेने दिवस धरला, तेही सांगावे. पन्हाळ्याच्या बाबतीत ही नोंद अशी होईल : आषाढ वद्य १, शके १५८२, शार्वरी संवत्सर, शुक्रवार, जुन्या पद्धतीने १३ जुलै व नव्या पद्धतीने २३ जुलै १६६०, गड सोडला तो पौर्णिमेच्या, म्हणजे त्या आधीच्या रात्री.

स्मरणदिन कोणता पाळावा हा समाजाच्या इच्छेचा व सोयीचा प्रश्न आहे, आणि तो समाजानेच ठरवावा. तारखेवरून आणि तिथीवरून महाराष्ट्रात जे वाद माजतात, त्यांत दोन्ही पक्ष बहुधा एकाच दिवसाविषयी बोलत असतात; फक्त त्यांची मापे निराळी असतात. हे मापांतील अंतर उघड करून दाखविणे एवढे काम इतिहासाचे आहे. ते केले म्हणजे वादाचे बरेचसे कारण उरत नाही, आणि खिंडीत पडलेल्या माणसांचा दिवस त्यांना त्यांच्या चंद्रासह व पावसासह परत मिळतो.