दातांवरचं कीटण: एक जुनी गोष्ट



गोरोबाकाकांच्या दर्शनाला आपण तेरला जातो. तिथल्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. हस्तिदंत म्हणजे हत्तीचा दातच की! दात एवढा टिकतो. मग आपल्या आया-आज्यांचे दात पन्नाशीतच का पडले? पुष्कळदा दात चांगलाच होता, पण हिरडी सुटली होती.

दातावर रोज मऊ थर बसतो. तो राहिला तर लाळेतल्या क्षारांनी दगडासारखा घट्ट होतो. त्यालाच कीटण म्हणतात. बोअरच्या पाण्यानं हंड्याला आतून पांढरा थर चढतो, तसंच हे. ते ब्रशनं निघत नाही, खरवडूनच काढावं लागतं. ते राहिलं तर हिरडी सुजते, रक्त येतं, हळूहळू दाताभोवतीचं हाड झिजतं. हे सगळं होताना बहुतेक वेळा दुखतही नाही.

हे आपल्या देशात फार पूर्वीपासून माहीत होतं. सुश्रुतसंहितेत या कीटणाला 'दंतशर्करा' म्हटलंय आणि दातांसाठी 'दंतशंकू' नावाचं हत्यार सांगितलंय. दाताच्या मुळाला इजा न करता शर्करा काढावी आणि मग लाखेची पूड मधातून लावावी, असा उपचार त्यात आहे.

आपल्या आज्यांच्या वाट्याला मात्र हे आलं नाही. त्यांच्याकडे लिंबाची काडी, राखुंडी आणि मिश्री. काडीनं दात घासले जायचे, पण घट्ट झालेलं कीटण तिनं निघत नाही. मिश्री म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूच. तिनं हिरडी बधिर होते, बरं वाटतं, आणि आजार आत वाढत राहतो. तोंडाच्या कर्करोगाचा धोका वेगळाच. दुखणं सोसेना झालं की बाजारात बसणारा माणूस दात उपटून द्यायचा. दात साफ करून देणारं कुणी नव्हतं.

शिकलेले दंतवैद्यही लांब होते. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ साली निघालं. १९४८ च्या मार्चमध्ये देशात दंतवैद्यांचा कायदा झाला, तेव्हा आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबरला आपण मुक्त झालो. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, शासकीय दंत महाविद्यालय सुरू व्हायला १९८२ साल उजाडलं.

याच कामात परदेशात बायका पुढं आल्या, तेही ऐका. अमेरिकेतल्या ब्रिजपोर्ट गावात डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ मध्ये आपल्या मदतनीस आयरीन न्यूमन यांना दात साफ करायला शिकवलं. १९१३ मध्ये त्यांनी बायकांसाठी वर्गच काढला. तिथं शिकलेल्या बायका शाळांत जाऊन लेकरांचे दात साफ करू लागल्या. दुखायची वाट बघायची नाही, आधीच साफ करायचं, हा त्यांचा धडा.

आज उपजिल्हा रुग्णालयांत आणि बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांत दंतचिकित्सक असतात. ते कोणत्या वारी भेटतात, ते आशाताईंना विचारा. "साफ केल्यानं दात ढिले होतात" असं कुणी म्हणेल. खरं तर दात आधीच ढिला झालेला असतो, कीटणानं ते झाकलेलं असतं. साफ केल्यावर थोडे दिवस गार पाणी झोंबतं, फटी जाणवतात, मग हिरडी आवळते.

किती दिवसांनी यायचं ते डॉक्टर सांगतील. बहुतेकींना सहा महिन्यांनी किंवा वर्षानं जावं लागतं. साखरेचा आजार असेल तर टाळाटाळ नको, कारण हिरडीचा आजार आणि साखर एकमेकांना वाढवतात. पोटुशी बाईनंही डॉक्टरांना तसं सांगून दात दाखवावेत.

पुढच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एकमेकींना एवढंच विचारा: चूळ भरताना रक्त येतं का गं? जिला येतं, तिला एकटीला पाठवू नका. दोघी-तिघी मिळून जा.