हरलेल्या पाहुणीनं उचललेली चाल

सानरेमो या इटलीतल्या समुद्रकाठच्या गावी १९५१ पासून दरवर्षी गाण्यांची स्पर्धा भरते. साठच्या दशकात तिथं एक अजब रीत होती. एकच गाणं दोघांनी, आपापल्या ढंगानं गायचं. कस लागायचा तो गाण्याचा. १९६४ पासून या जोडीत परदेशी पाहुणे येऊ लागले. आपली गाणी परदेशात खपावीत, हा त्यामागचा उघड हिशेब.

१९६५ साली पीनो दोनाज्जिओ या तरुणानं तिथं ‘इओ के नॉन विव्हो’ हे गाणं गायलं. चाल त्याची, शब्द वितो पाल्लाविचिनी यांचे. पीनो व्हेनिसजवळच्या बुरानो बेटावरचा, व्हायोलिनची रीतसर तालीम घेतलेला. त्याच्या वाट्याची पाहुणी होती अमेरिकन गायिका जोडी मिलर. पहिला नंबर हुकला, पण इटलीत गाणं तुफान चाललं.

ते परदेशी गेलं मात्र भलत्याच पाहुणीच्या हातून. इंग्लंडची डस्टी स्प्रिंगफील्ड त्याच वर्षी स्पर्धेला आली होती. तिची गाणी अंतिम फेरीआधीच गळाली. तिथं ऐकलेली दोनाज्जिओची चाल मात्र तिच्या मनातून जाईना.

वर्षभरानं तिनं लंडनमध्ये ती ध्वनिमुद्रित करायला घेतली. वाद्यमेळ तयार, शब्दांचा पत्ता नाही! मदतीला आले विकी विकहॅम ही टीव्हीवाली मैत्रीण आणि विकीचा मित्र सायमन नेपियर-बेल; दोघंही गीतकार नव्हेत. मूळ अर्थाच्या वाटेला न जाता त्यांनी घाईघाईत इंग्रजी शब्द बसवले; त्यातले काही तर म्हणे टॅक्सीत. स्टुडिओतला आवाजाचा घुमारा डस्टीला पसंत पडेना. शेवटी माइक जिन्यात नेला आणि ती तिथं उभी राहून गायली. शब्द बेताचेच आहेत, असं माझं मत. तो चढता आवाज ऐकताना त्याची आठवण राहत नाही, एवढंच.

१९६६ मध्ये हे इंग्रजी गाणं, ‘यू डोन्ट हॅव टू से यू लव्ह मी’, लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ब्रिटनमध्ये पहिलं आणि अमेरिकेत चौथं आलं. १९७० मध्ये एल्विस प्रेस्लीनंही तेच इंग्रजी शब्द घेऊन ते गायलं. दोनाज्जिओ पुढं सिनेमाच्या पार्श्वसंगीताकडे वळला. ‘डोन्ट लुक नाऊ’ आणि ‘कॅरी’ या थरारपटांचं संगीत याच प्रेमगीतवाल्याचं.