शेठजी, शाळा आणि टकळी



परवा पुण्याहून नातवाचा फोन आला. त्याच्या कंपनीने जिल्हा परिषदेची एक शाळा घेतली आहे. घेतली म्हणजे विकत नव्हे, मदतीला घेतली. महिन्यातल्या एका शनिवारी ही मुले तिथे जातात, गणित शिकवतात, भिंती रंगवतात. मोठ्या उत्साहाने सांगत होता. शेवटी म्हणाला, "आजोबा, तुमच्या काळी असं काही नव्हतं ना? उद्योगपती आणि गावची शाळा..."

मी म्हटले, "अरे, आपल्या सिंदीच्या स्टेशनवरून वर्ध्याच्या गाडीत बस. मधली चार-दोन स्टेशने गेली की जिथे उतरशील, तिथे हे सगळे कधीचेच घडून गेले आहे. भांडणासकट!"

फोनवर इतके सांगता येत नाही. म्हणून इथे लिहितो. त्याने वाचावे, तुम्हीही वाचावे.

जमनालाल बजाज हे नाव आमच्या जिल्ह्यात लहान पोरालाही ठाऊक असते. जन्म 4 नोव्हेंबर 1889, राजस्थानातल्या सीकरकडचा. वर्ध्याच्या बच्छराजजींच्या घरात ते दत्तक आले. कापसाचा व्यापार, पेढी, मालगुजारी, सगळे होते. शाळेतले शिक्षण मात्र थोडेच. ज्याला स्वतःला फार शिकता आले नाही, तो माणूस शाळेच्या मागे लागला म्हणजे काय होते, ते वर्ध्याला दिसते. आधी विद्यार्थ्यांचे वसतिगृह, मग मारवाडी विद्यालय आणि 1914 साली ते चालवायला मारवाडी शिक्षा मंडळ. श्रीकृष्णदास जाजूंसारखा साधा आणि कडक माणूस या कामात त्यांच्या सोबत होता.

पुढे त्या विद्यालयाचे नाव बदलून 'नवभारत विद्यालय' झाले. म्हणजे पाटीवर आधी समाजाचे नाव होते, मग देशाचे आले. शेठजींचे नाव दोन्ही वेळा नाही. शिक्षा मंडळाच्या काही संस्थांना पुढे घरच्यांची आणि इतर देणगीदारांची नावे लागली. त्यात मी खोट काढत नाही. पण पहिल्या पाटीकडे जरा थांबून पाहावे असे मला वाटते.

आता मुख्य गोष्ट.

1937 च्या जुलैत प्रांतांमध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. लोकांना दोन वचने दिलेली होती, दारूबंदी आणि सर्वांना शिक्षण. गंमत अशी, की प्रांतांच्या तिजोरीत दारूवरच्या अबकारीचा वाटा मोठा होता. दारू बंद केली तर शाळेला पैसा कुठून आणायचा? बाप गुत्त्यावर पैसे टाकणार आणि त्यातूनच पोराची शाळा चालणार, हे गांधीजींना सहन होईना. त्यांनी आपला उपाय मांडला. मुलाने हाताने काहीतरी उपयोगाचे काम करावे, त्या कामातूनच शिकावे आणि त्या मालाच्या विक्रीतून शाळेचा खर्च निघावा.

त्याच वर्षी मारवाडी विद्यालयाचा रौप्यमहोत्सव होता. मंडळाचे कार्यवाह श्रीमन्नारायण, जमनालालजींचे जावई. नुसते हारतुरे नि भाषणे न करता या विषयावर देशातल्या शिक्षणाच्या जाणकारांना बोलवावे, असे ठरले. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला वर्ध्यात परिषद भरली. अध्यक्ष गांधीजी. प्रांतांचे मंत्री आले, त्यात मुंबईचे बाळासाहेब खेर होते, आमच्या मध्यप्रांताचे रविशंकर शुक्ल होते. विनोबा, काका कालेलकर, जे. सी. कुमारप्पा आणि दिल्लीच्या जामियाचे डॉ. झाकीर हुसेन.

आणि झाकीर हुसेन उभे राहिले ते होकार द्यायला नव्हे! कामातून शिक्षण त्यांना मान्य होते. पण शाळेने आपला खर्च आपण काढावा यावर फार जोर दिला, तर मास्तर मुलांकडून गुलामासारखे काम करून घेईल, असा इशारा त्यांनी दिला. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहांनीही विरोध केला. महात्म्यापुढे, त्याच्याच अध्यक्षतेखाली.

मी जन्मभर मास्तरकी केली. हा आक्षेप वाचतो तेव्हा मला एक वर्ग दिसतो. चाळीस मुले सूत कातताहेत आणि त्या सुताच्या विक्रीवर माझा पगार ठरतो आहे. एखाद्या पोराची टकळी थांबली, त्याला ताप असेल, रात्री पोटात काही नसेल, तर मी त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहीन? माझ्या घरची चूल त्याच्या बोटांवर पेटणार असेल तर? झाकीरसाहेबांनी आम्हा मास्तरांना बरोबर ओळखले होते.

परिषदेने चार ठराव केले. देशभर सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण. मातृभाषेतून शिक्षण. हातकामाभोवती गुंफलेले शिक्षण. आणि चौथा, या पद्धतीतून हळूहळू शिक्षकांचा पगार निघेल अशी अपेक्षा. मग अभ्यासक्रम करायला समिती नेमली. तिचे अध्यक्ष कोण, तर झाकीर हुसेन! विरोध करणारे के. टी. शहा सदस्य. विनोबा, कालेलकर, जाजू, आर्यनायकम, आशादेवी ही मंडळीही होती. यजमान जमनालालजींचे नाव त्या यादीत नाही. ज्याच्या शाळेचा उत्सव, ज्याच्या गावात मांडव, तो मुलांनी काय शिकावे हे ठरवायला बसला नाही. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

समितीचा अहवाल 2 डिसेंबर 1937 ला आला. त्यातले वेळापत्रक पाहा. शाळा साडेपाच तासांची. त्यात हातकामाला 3 तास 20 मिनिटे, मातृभाषेला 40 मिनिटे, संगीत, चित्रकला आणि गणित मिळून 40 मिनिटे. समाजशास्त्र आणि विज्ञानाला मिळून 30. व्यायामाला 10, सुट्टीला 10. दहा मिनिटांची सुट्टी! हे वेळापत्रक करणाऱ्यांनी पोरांना विचारले नसावे, एवढे नक्की.

पुढे 1938 च्या हरिपुरा काँग्रेसने योजना स्वीकारली, हिंदुस्थानी तालीमी संघ निघाला आणि सेवाग्रामला नई तालीमचे काम उभे राहिले. इकडे शुक्लांनी विद्यामंदिर योजना आणली. गावातल्या जमीनवाल्याने शाळेला जमीन द्यायची, तिच्या उत्पन्नावर शाळा चालायची. कल्पना चांगली, पण 'मंदिर' या नावालाच मुसलमान समाजातून विरोध झाला. 1939 च्या शेवटी मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. 11 फेब्रुवारी 1942 ला जमनालालजी गेले.

आमच्या लहानपणापर्यंत या सगळ्यातली टकळी तेवढी उरली होती. पेळू धरायचा, टकळी फिरवायची, सूत तुटले की शेजारच्याची नजर चुकवून पुन्हा जोडायचे. टकळीतून गणित, कापसातून भूगोल कुणी शिकवला नाही. तास होता म्हणून टकळी होती. कोठारी आयोगाने (1964-66) 'कार्यानुभव' आणला आणि पुढे मीच तो तास घेतला. खरे सांगायचे तर बरेचदा त्या तासाला गणिताचा राहिलेला धडा उरकला. असो.

आताच्या काळात येऊ. 2013 च्या कंपनी कायद्याने ठराविक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक केले. नातवाची शनिवारची शाळा त्यातूनच आली. सप्टेंबर 2023 मध्ये आपल्या शासनाने 'दत्तक शाळा' योजना काढली. गावच्या शाळेसाठी पाच वर्षांना 50 लाख किंवा दहा वर्षांना 1 कोटी इतकी मदत केली, तर देणगीदाराला हवे ते नाव शाळेच्या नावाला जोडता येईल, अशी तरतूद त्यात होती.

मदत वाईट नाही. पण एक आठवण सांगतो. मी होतो त्या एका शाळेला कोणीतरी संगणक दिले. पाहुणे अकराला येणार होते, आले दीडला. तोवर आम्ही मुलांना रांगेत उभे केले होते, एप्रिलच्या उन्हात, आपल्या विदर्भातल्या. एक मुलगी भोवळ येऊन पडली. रांग लावणारा मीच होतो. फोटो निघाला, पाटी बसली. पुढे विजेचे बिल कोणी भरायचे हे न ठरल्यामुळे ती खोली बहुतेक बंदच राहिली. संगणकांपेक्षा त्या मुलीचा चेहरा मला जास्त आठवतो. त्या दिवशी "मुलांना सावलीत बसवतो, पाहुणे आले की उठवू" एवढे म्हणायचे धैर्य माझ्यात नव्हते. झाकीर हुसेनांनी गांधीजींसमोर दाखवले, त्याच्या शंभराव्या हिश्श्याचेही नाही.

म्हणून नातवाला माझे सांगणे एवढेच आहे. भिंती रंगवा, पण आधी तिथल्या मास्तरांना, बाईंना विचारा की काय हवे. त्या "नको" म्हणू शकतील असे वागा. आणि तुमची कंपनी गेल्यावर शाळेचे काय, हे पहिल्या शनिवारीच ठरवा. शाळा चालवणे हे शेवटी सरकारचे काम. वर्ध्याचा पहिला ठराव तोच होता. त्याचा कायदा व्हायला 2009 साल उजाडले, म्हणजे 72 वर्षे लागली. देणगीदार आला म्हणून सरकारने अंग काढून घ्यायचे नसते.

आमच्या सिंदीचा तान्हा पोळा तुम्हाला ठाऊक आहे. पोरे लाकडी बैल घेऊन दारोदार जातात, दुकानदार हातावर बोजारा ठेवतात. बैल पोराचाच राहतो, त्यावर दुकानाचे नाव कोणी लिहीत नाही. यंदा नातू पोळ्याला येणार म्हणतो आहे. आला की त्याला वर्ध्याला नवभारत विद्यालयापर्यंत घेऊन जाईन.

तुमच्या गावच्या शाळेला कोणी, कशी मदत केली होती? आठवत असेल तर जरूर कळवा.